आठव्या वर्षाच्या पिवळ्या गोगलगायी

प्रिय टिटवी,

तुझ्या पुस्तकाचं बाड पोचलं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंस, की छापायला जाण्याआधी नुसतं चाळ, त्यातलं तुला फारसं कळायचं नाही, पण ह्यांच्यासाठी लिहिलेलं पहिलं पान तेवढं वाच. बाई गं, मी सगळं वाचलं. दोनदा. हे गेल्यापासूनच्या चार वर्षांत ह्यांच्या कपाटातली पुस्तकंही वाचली. आधी चित्रं, मग चित्रांखालच्या ओळी, मग शब्दकोश मांडीवर घेऊन पानं. तेव्हा ते "कळायचं नाही" आता पुरे.

शाळेत आपण एका बाकावर. पुढे तू कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागलीस आणि हे तुझ्याच प्रयोगशाळेत सहायक झाले. तिथे ते तुला बाई म्हणायचे, इथे तू त्यांना भावोजी. गोगलगायींच्या मोजणीला आमचं परसू मागितलंस तेव्हा मीच हौसेने हो म्हटलं. मग वीस वर्षं दर रविवारी सकाळी तुम्ही दोघं मागच्या भिंतीशी उकिडवे बसायचात आणि मी खिडकीतून तुमच्या पाठी बघत चहा गाळायची. एकदा विचारलं, मी पण मोजू का? तर हे म्हणाले, "अगं, तुझे हात पिठाचे आहेत." पीठ धुता येतं, हे तुम्हा दोघा शास्त्रज्ञांपैकी कुणालाच सुचलं नाही.

विषय किती साधा होता, ते आत्ता कळतंय. मोठं झाड पाडल्यावर परसातली हिरवळ उन्हाने जळून गेली, काळपट माती उरली. गवतात पिवळी गोगलगाय लपून जायची, मातीवर ती लगेच उठून दिसायला लागली. तो करडा पक्षी दिसेल ती उचलायचा, दगडावर आपटून फोडायचा आणि खायचा. जी नजरेतून सुटली ती जगली, तिला पिल्लं झाली, आणि ती बहुतेक तिच्याच रंगाची. असं वर्षानुवर्षं चाललं की सगळं परसू तपकिरी होतं. आधी मला वाटायचं, प्राणी गरज पडली की स्वतःला बदलून घेतात, नवी सून घेते तसं. तुझ्या बाडात वाचलं, की एकाही गोगलगायीने रंग बदलला नव्हता. पिवळ्यांच्या लेकी कमी होत गेल्या, बस. आम्हाला मूल नव्हतं, म्हणून त्या पानावर जरा थांबले. ह्यांचं मागे उरलेलं म्हणजे आता तुझं हे पुस्तक.

कवचावर खूण करायला तू लाल नेलपॉलिशची बाटली आणायचीस. पिवळ्या तुझ्या वाटणीच्या, तपकिरी ह्यांच्या. ह्यांच्या हाताला बाकी सगळी कामं जमायची, ठिपका मात्र नेहमी बोटावर सांडायचा. एका रविवारी तू ह्यांचा अंगठा धरून तो रंग कापसाने पुसलास. काहीतरी बोललीस आणि हे मान मागे टाकून हसले. माझ्याजवळ ते असे कधी हसले नव्हते. तुमच्यात त्याहून जास्त काही नव्हतं, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. पण पोटात जो जाळ उठतो त्याला तुमच्या शास्त्रासारखा पुरावा लागत नाही.

तुझं पाचवं प्रकरण आठव्या वर्षावर आहे. ठिपक्याच्या ऐंशी पिवळ्यांपैकी दोन महिन्यांनी अकराच परत सापडल्या, तितक्याच तपकिरींपैकी मात्र त्रेपन्न. नैसर्गिक निवडीचा इतका लख्ख दाखला क्वचित मिळतो, असं म्हणतेस. खाली टीप आहे: दगडापाशी फुटकी कवचं फारशी मिळाली नाहीत, पक्ष्याने ती लांब नेली असावीत. आणि परसात बिनठिपक्याच्या पिवळ्या अचानक दिसू लागल्या, त्या शेजारच्या बागेतून आल्या असाव्यात.

टिटवे, त्या कुठून आल्या नव्हत्या. तुझ्याच होत्या. त्या वर्षी मी औषधाच्या दुकानातून नेलपॉलिश पुसायचं पाणी आणलं. दुकानदाराने माझ्या कोऱ्या नखांकडे पाहिलंसुद्धा. सलग तीन दुपारी, हे कामावर असताना, मी पिवळ्या गोगलगायी शोधून एकेकीचा ठिपका पुसला. एकूण बेचाळीस. तपकिरींना हात लावला नाही, ते ठिपके ह्यांचे होते. मला फक्त परसातून तुझा हात पुसून टाकायचा होता. तो हुबेहूब निसर्गासारखा दिसेल हे मला काय माहीत! तेव्हा मी यातलं एक पानही वाचलं नव्हतं.

म्हणून हे पत्र. पाचवं प्रकरण काढ. आज नाही तर उद्या कुणीतरी हुशार पोरगी ती टीप वाचून विचारेल, की एका वर्षात इतक्या गोगलगायी गेल्या तर कवचं कुठे गेली? आणि मग उरलेल्या एकोणीस वर्षांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. त्यांना मी हात लावलेला नाही, देवाशपथ. त्यात पिवळ्या हळूहळूच कमी झाल्यात, पण खरोखर झाल्यात. पहिल्या पानावर ह्यांचं नाव आहे, त्याच्या मागे माझं खोटं नको. तुला हवं तर लिही की कुणीतरी ठिपके पुसले. माझं नाव घातलंस तरी चालेल. ह्यांना मात्र मी कधी सांगू शकले नाही. ती मोजणी संपली त्या सकाळी तू वही मिटून निघून गेलीस आणि हे मातीच्या हातांनी तसेच स्वयंपाकघरात आले. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "अगं, डोळ्यांदेखत घडलं! लोक जन्मभर वाट बघतात आणि आपल्या परसात घडलं!" त्यांचे डोळे भरून आले होते. संसारात त्यांना इतक्या आनंदात मी तेवढं एकदाच पाहिलं. ते प्रकरण तू खुशाल फाडून टाक. पण ती सकाळ त्यांना तू दिली नव्हतीस टिटवे, मी दिली होती. एवढं मात्र मी तुझ्या वाट्याला येऊ देणार नाही.

रागावलीस तरी तुझीच,
बुटकी