खिंडीतली घंटी

रविवार, मार्गशीर्ष १९९४. संध्याकाळ.

पाय भरून आलेत, पण मन अजून सायकलवरच आहे. आदिवासी वाडीच्या शाळेवर पत्रे घालायला पैसे जमवायचेत, म्हणून आमच्या महिला मंडळाने पेण ते रोहा फेरी काढली. ह्यांची सायकल, कमरेला पदर खोचलेला. शेजारची नलू निघतानाच म्हणाली, "खिंडीत सायकल ढकलत येशील गो तू!" तेव्हाच ठरवलं, चढावर उतरायचं नाही.

पण देवळापुढून जाताना पायउतार व्हायचं, ही आमच्या घरची रीत. वाटेत सगळीकडे पाळली. आणि खिंडीत ऐन चढावरच देवीचं देऊळ! उतरले तर पुन्हा चढणं नाही. न उतरावं तर देवीला काय वाटेल? हात जोडावेत, तर तोल जाणार. शेवटी सायकलची घंटीच वाजवली, जोरजोरात. मागच्यांना वाटलं, पुढे काही आडवं आलं. त्यांनीही वाजवल्या. सगळी खिंड दणाणली! हसत हसतच माथ्यावर पोचले, न उतरता. खाली हिरवी शेतं, ऊन कोवळं. नलूच ढकलत आली.

तरी घरी आल्यापासून तेच डोक्यात. उतरायला हवं होतं का? सासूबाईंना भीतभीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "मना पण ने तिथं. मागं बसव."

"आई, एसटीने जाऊ की."

"नको. एसटीची घंटी कंडक्टर वाजवतो. मना माझ्या हातानं वाजवायची हाय."