आवाजाचा रकाना

बाबा,

उद्या, रविवारी, काका माझ्या कार्यक्रमाला येणार आहेत. आपल्या समोरच्या ब्लॉकमधले, ग्वाल्हेरचे काका. दहा दिवसांपूर्वी त्यांच्या नातीचा मेसेज आला, आजोबा पहिल्याच रांगेत बसायचं म्हणतायत, पाठ टेकायची खुर्ची मिळेल का. मी लगेच 'हो, नक्की' असं लिहून टाकलं आणि मग बराच वेळ स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर ऐकत बसले. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या काळात तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नाही, आणि आता वाटतंय ते प्रेमाचा उमाळा आला म्हणून नव्हे. मला भीती वाटते आहे, आणि ती कशाची हे कळेल असं दुसरं माणूस उरलेलं नाही.

आधी हे सांगायला हवं की तुमची मुलगी सत्तेचाळिसाव्या वर्षी एका बँडमध्ये आहे. वरातीतला बँड नव्हे. याला हिप हॉप म्हणतात. ठेका लावायचा आणि त्यावर गाण्याऐवजी बोलायचं, यमक जुळवत, भांडल्यासारखं. आई असती तर म्हणाली असती, भांडायचंच होतं तर घरी काय कमी होतं. आम्ही चौघं आहोत. मी मराठीत बोलते. हिंदीत बोलणारा जहांगीराबादचा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मला दीदी म्हणतो आणि माझं अजिबात ऐकत नाही. सॅक्सोफोनवाला लग्नांमध्ये वाजवून वाजवून कंटाळला आणि जॅझकडे वळला, ड्रमवाला त्याचा मावसभाऊ. आमच्यामागे कुठली कंपनी नाही. आनंद नगरात टायरच्या दुकानावर एक खोली घेतली आहे, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत, तिथेच सगळं रेकॉर्ड होतं. इंदूरला, पुण्याला लोक ऐकतात. आमचा ठेका लंगडतो म्हणतात, चालता चालता अडखळतो, आणि तेच त्यांना आवडतं. हे कुठून शिकलात असं कोणी विचारलं की मी काकांचं नाव घेते. ते अर्धंच खरं आहे.

काका कारखान्यात मोटरींच्या टेस्टिंगला तुमचे मदतनीस होते, पण कॉलनीत त्यांची ओळख क्लॅरिनेटवाले अशी होती. कारखान्याच्या बँडमध्ये ते निमूटपणे संचलनाच्या धुना वाजवायचे आणि गणपतीत मात्र सुटायचे. आरतीची चाल सरळ सुरू करायची आणि तिसऱ्या कडव्याला असं काहीतरी वळण द्यायचं की टाळ वाजवणारे गोंधळून थांबायचे. शॉर्टवेव्हवर दूरदूरची स्टेशनं लावून त्यांनी ते उचललं होतं. आपल्या घरात पुण्याची मराठी, त्यांच्या तोंडी निम्मी हिंदी. "सुराला सीधा नको पकडू, बेटा," ते मला म्हणायचे. "थोडा तिरछा जा, इकडेतिकडे भटक, मग आरामाने घरी ये." तुम्ही हसायचात. जॅझबद्दल यापेक्षा नेमकं मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आता स्वयंपाकघर. तुम्ही पहिल्या पाळीवरून येता, हातपाय धुता, आई पंखा बंद करते. खिडकी लावते. कुकर गॅसवर चढवलेला असतो, पण शिट्टी अजून बसवलेली नसते. टेप संपल्याशिवाय ती बसणार नाही, हा आपल्या घरचा नियम. तुम्ही डब्याच्या पिशवीतून छोटा टेपरेकॉर्डर काढता. गेटवरच्या शिपायाला वाटतं तुम्ही ड्युटीवर गाणी ऐकता. मी पाटावर बसते. तुम्ही प्ले दाबता आणि सकाळी लोड न देता चालवून पाहिलेली मोटर आपल्या घरात घुमायला लागते. शिसवीची हातभर काठी बेअरिंगवर टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि आतलं ऐकायचं, ही तुमची कामाची रीत होती, आणि कारखान्याच्या सगळ्या शेडमध्ये तुमच्यासारखा कान नाही असं लोक म्हणायचे. तो कान जाऊन दोन वर्षं झाली होती. काठीला तुम्ही कानाऐवजी माइक लावायला लागला होतात. आईला माहीत होतं. काकांना एवढंच माहीत होतं की तुम्ही टेप घरी नेता. ती अकरा वर्षांची मुलगी ऐकते हे कोणालाच माहीत नव्हतं. रिपोर्टात शेवटचा रकाना असायचा, आवाज. तुमची पेन्सिल त्यावर थांबलेली असायची आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत विचारायचात, "काय म्हणते?"

मला ते आवडायचं, हे खोटं कशाला बोलू. वर्गात माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं आणि इथे एवढी मोठी मोटर माझ्या शब्दावर अडून राहायची. घासतंय, शिट्टी मारतंय, मध्ये मध्ये खडखड. मी सांगायचे आणि तुम्ही लिहायचात. मग एकदा मी टकटक सांगितली. तुम्ही मोटर रोखली, बेअरिंग उघडायला लावलं, दोन दिवस काम अडलं, आणि आत काही निघालं नाही. टेपचं रीळच घासत होतं. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कान ठीक हैं न आपके?" त्यांनी सहज विचारलं असेल, पण तुम्ही घरी आलात तेव्हा तुमचा चेहरा राखेसारखा होता. तुम्ही ओरडला नाहीत. चप्पल काढता काढता म्हणालात, "नसलेलं ऐकायचं नाही." एवढंच. त्या दिवशी जेवताना भाताचं शीत खाली पडलं तरी मला ते ऐकू येईल असं वाटत होतं.

त्यानंतर चार-पाच टेपा झाल्या. प्रत्येक वेळी मी "साफ" म्हणाले आणि त्या खरोखरच साफ होत्या. मग ती टेप आली. गणपती दोन दिवसांवर आले होते, समोरच्या ब्लॉकमधून काकांचं क्लॅरिनेट ऐकू येत होतं, मला तालमीला जायचं होतं. आईने नेहमीसारखी खिडकी लावली. तुम्ही प्ले दाबलंत. घुमारा सुरू झाला, आणि त्याच्या तळाशी, पहिल्यांदा मला वाटलं भास, एक ठोका. मग तीन फेऱ्या काही नाही. पुन्हा ठोका, जरा उशिरा. रीळ घासण्याचा आवाज मला आता ओळखता येत होता, आणि हा तो नव्हता. हा आतून येत होता, कोणीतरी बंद दारावर हळूच बोट वाजवावं तसा. मी तुमच्या पेन्सिलीकडे पाहिलं. मला साहेबांचा प्रश्न आठवला, तुमचा चेहरा आठवला, आणि खिडकीपलीकडे काका माझी वाट बघत होते.

"काय म्हणते?"

"साफ आहे."

तुम्ही लिहिलंत, आवाज: नाही. आईने कुकरला शिट्टी बसवली. मी पळत समोरच्या ब्लॉकमध्ये गेले आणि काकांनी त्या दिवशी त्यांच्या क्लॅरिनेटवर माझ्याकडून एक अख्खी ओळ न चुकता वाजवून घेतली. दुसऱ्या दिवशी मोटर पूर्ण लोडवर लावली. बेअरिंग किती तापलंय ते बघायला काका थर्मामीटर धरून उभे होते, डावा हात आधाराला कव्हरवर ठेवून. बेअरिंग जाम झालं, कव्हर फुटलं. डाव्या हाताची दोन बोटं गेली. क्लॅरिनेटला डाव्या हाताची सगळी बोटं लागतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

त्या वर्षी गणपतीत आरती टाळांवरच झाली. काका हाताला पांढरी पट्टी बांधून मांडवात बसले होते आणि ज्याला त्याला सांगत होते, "बेअरिंग अचानक गेलं हो. त्याने आवाज पण नाही केला." मी त्यांच्याशेजारी बसून प्रसादाची खिरापत खात होते. पुढची पस्तीस वर्षं ते हेच वाक्य सांगत आले आहेत, अगदी ह्याच शब्दांत. तुम्ही ती टेप काढून लोखंडी कपाटाच्या खणात ठेवलीत, पुन्हा मला कधी ऐकायला बसवलं नाहीत आणि महिन्याभरात स्टोअरला बदली मागून घेतलीत. लोकांना वाटलं, मित्राच्या हाताचं मनाला लावून घेतलं. मला वाटतं तुम्हाला सगळं कळलं होतं, आणि नसेल तर ते त्याहून वाईट, कारण मग तुम्ही जन्मभर स्वतःच्या कानांना दोष देत राहिलात. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे टेबलावर टाकून तुम्ही ती शिसवीची काठी माझ्या हातात दिलीत. "ठेव. तुझीच आहे ही." मला ती परत करावीशी वाटली होती.

शेवटी दवाखान्यात तुम्ही विचारलंत. तोवर तुम्हाला कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "त्या टेपमध्ये तुला काही आलं होतं का गं?" आणि मी उत्तर दिलं, बाबा, खरंच दिलं. पण तोंड खिडकीकडे वळवून, साध्या बोलण्याच्या आवाजात. "आलं होतं," असं मी म्हणाले. तुम्ही मान हलवलीत, सगळ्यालाच हलवायचात तशी.

आई गेल्यावर क्वार्टरमधून आणलेलं सामान लावताना टेपा निघाल्या. आमच्या हिंदीवाल्याने त्या खोलीवर नेऊन कॉम्प्युटरवर उतरवल्या, जुने आवाज त्याला फार प्रिय. एके दिवशी मी जिना चढतेय तर वर तीच मोटर घुमतेय. त्याने चार सेकंदांचा तुकडा काढून फिरत ठेवला होता, आणि प्रत्येक फेरीला तो ठोका, जरा उशिरा. "दीदी, ये तो सोना है," तो म्हणाला. "कोई ड्रमर जान-बूझ के इतना लेट नहीं मार सकता." सॅक्सोफोनवाल्याने त्यावर हलकेच सूर धरला, तिरका. मी नको म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी वही काढली आणि लिहिलं, कान माझे, सही तुमची. तेच आमच्या गाण्याचं पालुपद आहे. त्यावर तो हिंदीत जोरजोरात सुनावतो, त्याला वाटतं गाणं सरकारबद्दल आहे. आमचं सगळ्यात जास्त ऐकलं जाणारं गाणं हेच, आणि दर कार्यक्रमात लोक टाळ्या वाजवतात त्या ठोक्यावर.

काकांनी ते फोनवर ऐकलंय, नात म्हणते रोज लावायला सांगतात. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो तळचा आवाज येत नाही. रविवारी टाउनशिपच्या हॉलमध्ये, माणसाएवढ्या स्पीकरांसमोर, पहिल्या रांगेत तो येईल. छातीत येईल. त्या मोटरीवर हात ठेवून ते उभे होते; ती त्यांना ओळखू येणार नाही असं मी स्वतःला कितीही सांगितलं तरी मला पटत नाही. आदल्या दिवशीची टेप, तळाशी ठोका, आणि त्यावर मी म्हणतेय, कान माझे. ऐंशी वर्षांचा माणूस आहे, पण कान शाबूत आहेत. आठ दिवस मी हाच विचार करते आहे. सांगून टाकावं, त्यांच्या घरी जाऊन, कार्यक्रमाच्या आधी. परवा रायसेन रोडवर त्यांच्या गल्लीपर्यंत गेलेही होते. ते ओट्यावर बसून नातीला काहीतरी समजावत होते, तीन बोटांचा हात हवेत वरखाली करत, आणि मी कोपऱ्यावरूनच परत फिरले. गाडी सुरू केली तर इंजिनात टकटक होती. मेकॅनिक म्हणाला काही नाही.

हे पत्र मी काठीजवळ ठेवून देणार आहे. तुमचा पत्ता नाही म्हणून पाठवत नाही असं म्हणायची सोय आहे, पण काकांचा पत्ता मला पाठ आहे आणि त्यांनाही मी हे पाठवणार नाही.

आज दुपारी हॉलमध्ये स्पीकर लावून पाहिले. गेल्या आठवड्यात, खोलीवर कोणी नसताना, मी त्या तुकड्यातला ठोका काढून टाकला. नुसता घुमारा ठेवला, कुठल्याही मोटरीचा असतो तसा. तो साफ केलेला तुकडा कॉम्प्युटरवर हिंदीवाल्याला आज सापडला. त्याने दोन्ही तुकडे ऐकले, ठोक्याचा आणि बिनठोक्याचा, आणि माझ्याकडे पाहिलं. "दीदी, कल कौन-सा बजाना है?" त्याचं बोट बटणावर थांबलं होतं आणि समोर रिकाम्या खुर्च्यांमध्ये पहिल्या रांगेत पाठ टेकायची एक खुर्ची आणून ठेवलेली होती.

मी म्हणाले, "साफवाला."