नसलेला बिघाड

सोमवार, ४ नोव्हेंबर

आज मी माझ्या पोटच्या पोरीला ओळख दाखवली नाही. तिनेही मला नाही!

नीट क्रमाने लिहू दे.

दुरुस्तीच्या वर्गाची तपासणी होती – पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटरी, असलं घरगुती सगळं. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात कोणते अभ्यासक्रम ठेवायचे आणि कोणते बंद करायचे, हे शिक्षकांना मिळणाऱ्या गुणांवर ठरणार. गुण देणारी मी, तांत्रिक शिक्षण खात्याची तपासनीस. नेहमीप्रमाणे मागच्या बाकावर बसले, गुणांचा तक्ता मांडीवर घेतला, चष्मा चढवला. निळ्या कोटातली दहा-बारा मुलं एका वॉशिंग मशीनवर वाकली होती. त्यातल्या एकीने मान वर केली – आमची छोटी!

जी या वेळी कॉलेजात रसायनशास्त्राच्या तासाला असते! जिला मी सकाळी डबा भरून दिला!

ती पाना धरून तशीच उभी. मी पेन धरून तशीच. मग तिने मशीनमध्ये डोकं घातलं आणि मी तक्त्यात.

तासाबद्दल काय लिहू? तास झालाच नाही! मास्तर म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणतं, मशीन आवाज करतं. बघा." एवढं बोलून हाताची घडी घालून स्टुलावर बसले ते बसलेच. फळ्यावर अक्षर नाही. उद्दिष्ट नाही, प्रश्नोत्तरं नाहीत. मुलांनी मशीनचा पार सांगाडा केला. एक म्हणतो पट्टा बदलू, दुसरा म्हणतो मोटर गेली, दोघांची चांगली जुंपली. मास्तर ढिम्म. शेवटी आमची छोटी बोलली, "सर, हे मशीन ठीक आहे. बंद करून परत देऊ." मास्तर म्हणाले, "बरं." घंटा झाली. संपला तास!

शंभरपैकी एकतीस दिले. रागाने नाही. तक्त्यात बसतच नव्हतं काही. तक्ता मीच तयार केलाय, मला माहीत आहे.

संध्याकाळी ती कॉलेजची बॅग घेऊन नेहमीच्या वेळी आली. "आज काय शिकवलं?" मी विचारलं. "विशेष काही नाही," म्हणाली. हेच उत्तर ती रोज देते. हे टीव्ही बघत होते.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

झालं सगळं बोलून. नको ते तोंडून गेलं.

जूनमध्येच तिने कॉलेज सोडलंय. नखं काळी दिसायची तर म्हणायची लॅबमधलं केमिकल आहे. आणि मी रोज लिंबू चोळून देत होते! आमचा मिक्सर बंद पडला होता तो आपोआप सुरू झाला, मी म्हटलं चला, नशीब. नशीब कसलं, घरातच कारागीर बसली होती.

मी म्हटलं, "एवढे गुण पडून तू पंखे खोलत बसणार?"

ती म्हणाली, "तूच तर सांगतेस."

"मी? कधी?"

"दहावीला आमच्या शाळेत भाषणाला आली होतीस. हाताला कसब असलेलं मूल कुणापुढे हात पसरत नाही. पालकांनो, मुलांना कारखान्यात पाठवायला लाजू नका. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या."

अगदी शब्द न् शब्द माझाच. ते भाषण मी गेली कित्येक वर्षं करतेय.

मग म्हणाली, "का गं, ते फक्त दुसऱ्यांच्या मुलांसाठी होतं?"

आणि मी म्हटलं, "हो!"

अरे देवा. ‘हो’ म्हटलं मी. खणखणीत. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना.

तेवढ्यात हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "मला माहीत होतं. पालक म्हणून सही मीच केली." आता ह्यांना काय म्हणायचं! "मला का नाही सांगितलंत?" तर म्हणे, "तू ओरडली असतीस." मग मी काय आत्ता अंगाई गात होते?

बुधवार, ६ नोव्हेंबर

तिघं तीन खोल्यांत. डबा भरला, तिने नेला नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

कमी गुण पडलेल्या शिक्षकाला ऑफिसात बोलावून त्याचं म्हणणं ऐकायचं, असा आमचा नियम. बाकीचे शिक्षक येतात ते हात जोडून येतात. हा माणूस खुर्ची ओढून बसला.

"एकतीस? सोळा वर्षं शिकवतोय मी. एकतीस तर मला शाळेतसुद्धा पडले नव्हते."

मी म्हटलं, "तुम्ही शिकवलंत काय ते सांगा."

"तुम्ही शेवटपर्यंत बसला होतात ना मॅडम? मग?"

"शेवटी तर काहीच सापडलं नाही!"

"तेच तर," म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच नापास झालेय. समजावून सांगायची तयारी नाही, वाकायची तर त्याहून नाही. पाठाचं टाचण कधी काढलंय का म्हटलं, तर म्हणतो, "वेळ कुणाला आहे?" महा-आगाऊ! वर बजावून गेला, "पुन्हा कुणालाही पाठवा. मी हेच करीन."

दारात थांबला आणि म्हणाला, "त्या दिवशी एका पोरीने तोंड उघडलं, बघितलंत? सगळा वर्ग एकीकडे आणि ती एकीकडे. असं पोर दहा वर्षांतून एकदा येतं. वर्ग बंद करा, पण तिला कुठेतरी लावून द्या."

त्याला माहीत नाही ती कुणाची आहे. मी मान हलवली.

घरी आल्यावर सरळ तिच्या खोलीत गेले. म्हटलं, "ते मशीन. नीट सांग मला."

तिने भिंतीकडे तोंड करूनच सांगितलं. मास्तर रोज सकाळी वर्ग भरायच्या आधी एखाद्या यंत्रात बिघाड घालून ठेवतात. तो मुलांनी शोधायचा. पण अधूनमधून घालतच नाहीत! आणि आज घातलाय की नाही, ते सांगत नाहीत.

"मग त्यातून शिकायचं काय?"

"बिघाड नाही असं म्हणायला." आता ती वळली. "आई, दोन तास खपून सगळं उघडलं की रिकाम्या हाताने परत लावायला जिवावर येतं. वाटतं, काहीतरी बदलावंच. चांगला भाग काढून नवा घालावा. सर म्हणतात, लबाडी तिथे सुरू होते. गिऱ्हाईकाला काय कळतंय? आपल्यालाच कळतं फक्त."

इतकी वर्षं वर्गांमागे बसतेय, दोष शोधतेय. सापडला नाही असं एकदाही झालेलं नाही. न सापडता उठले असते तर साहेब म्हणाले असते, मॅडम झोपल्या होत्या का.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

एकतीस चूक आहेत. बदलायलाच हवेत. पण कसे?

तक्त्याच्या तळाला एक ओळ आहे – ‘या वर्गात माझे कोणीही नातेवाईक शिकत नाहीत.’ त्याखाली सही. आम्ही सगळेच महिन्याच्या सुरुवातीला गठ्ठाभर कोऱ्या तक्त्यांवर सह्या करून ठेवतो, तपासणीला निघताना धावपळ नको म्हणून. म्हणजे सोमवारी पोर दिसायच्या आधीच मी खोटं लिहून बसले होते!

गुण वाढवले आणि उद्या कुणाला कळलं, तर म्हणतील लेकीच्या वर्गाला आईने तारलं. एकतीस तसेच ठेवले तर वर्ग बंद, मास्तर घरी, आणि छोटीचं वर्ष पाण्यात. खरं सांगितलं तर माझा तक्ता रद्द होणार आणि फेरतपासणीला कात्री जाणार. कात्री म्हणजे आमच्यातलाच दुसरा तपासनीस. जिथे जातो तिथला अभ्यासक्रम कापून येतो, म्हणून हे नाव. त्याला निष्पत्ती लागते, हातात धरून दाखवता येईल अशी. "शेवटी काय निघालं?" हा त्याचा एकच प्रश्न. आणि मास्तर तर सांगून गेलाय, पुन्हा हेच करीन.

इकडे आड, तिकडे विहीर.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सांगून टाकलं साहेबांना.

वाटलं होतं, सहीवरून झापतील. साहेबांना सहीचं काहीच नाही! डोळे विस्फारून म्हणाले, "तुमची मुलगी? तिथे?" मग आवाज खाली आणून, "मार्क कमी पडले का हो?"

नाही पडले, म्हटलं.

"मग... तब्येत वगैरे?"

दुपारपर्यंत ऑफिसभर झालं. एकेक जण टेबलापाशी येऊन उभा राहतो, उसासा टाकतो. हेड क्लार्क म्हणाली, "होतं असं एखादीच्या बाबतीत. तुम्ही खचू नका." जणू घरात कुणी गेलंय! आणि ही सगळी माणसं तांत्रिक शिक्षणाच्या प्रसारावर पोट भरतात. संताप संताप झाला. मग आठवलं, मंगळवारी मी काय म्हटलं होतं. मीही यांच्यातलीच. फक्त माझा उसासा जरा मोठ्याने निघाला.

तक्ता रद्द. सोमवारी कात्री जाणार.

रविवार, १० नोव्हेंबर

आज मी एक गोष्ट केली. बरोबर की चूक, माहीत नाही. आई म्हणून केली.

छोटी गॅलरीत कोट वाळत घालत होती. आता लपवायचं कारणच उरलं नाही. मी म्हटलं, "उद्या कात्री येतोय. त्याला काहीतरी सापडलेलं दिसायला हवं."

"सापडलं तर सापडेल."

"आणि उद्या पुन्हा बिघाड नसला तर?"

तिने कोट जोरात झटकला.

"तर काढ काहीतरी! एखादा भाग बदल. उद्याच्या दिवस फक्त. त्यात कुणाचं काय जातंय?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. तसं तिने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"आई, तुला गुरुवारी सांगितलं ते कळलं नाही का?"

"कळलं. अगदी कळलं. पण तुझ्या सरांची नोकरी जाईल, ते तुला कळतंय का? त्यांना घरसंसार आहे. त्यांचा हट्ट त्यांना बुडवणार. तू वाचवू शकतेस."

चिमटा लावताना तिचा हात थांबला. मीही जास्त ताणलं नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर

चौऱ्याऐंशी!!

कात्रीने चौऱ्याऐंशी दिले! स्वतः माझ्या टेबलापाशी येऊन सांगत होता – पाण्याची मोटर होती, आवाज करते अशी तक्रार. मुलं गोंधळली होती, मास्तर मख्खासारखा बसून. "मी एकतीसचेसुद्धा वीस करणार होतो मॅडम. तेवढ्यात एका मुलीने बरोब्बर सांगितलं, बेअरिंग गेलंय. काढलं, नवं बसवलं, मोटर चालू! याला म्हणतात निष्पत्ती!" मग एकदम भानावर येऊन, "तुमचीच का ती?" म्हटलं, माझीच. पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. छाती अशी भरून आली!

आराखड्यात वर्ग राहिला. साहेबांनी माझ्यासमोर खूण केली. म्हणजे बिघाड होता खरोखर! मी उगीचच काळजीने अर्धी झाले होते. मास्तरलाही शेवटी शहाणपण सुचलं म्हणायचं.

येताना केक आणला. ह्यांनी दोन तुकडे खाल्ले. छोटीने हात लावला नाही. दमली असेल. एक चांगला डबाही आणलाय तिला, तिच्या वर्गात न्यायला.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

मोटरीत बिघाड नव्हता.

सकाळी तिनेच सांगितलं, चहा गार होईपर्यंत. सगळ्या वर्गाला कळलं होतं. तिलाही. तिने चांगलं बेअरिंग काढलं आणि नवं बसवलं. मास्तर बघत होते. फक्त "बरं" म्हणाले. कात्री गेल्यावर ते काढलेलं बेअरिंग त्यांनी तिच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "फिरव."

ते आता माझ्यासमोर टेबलावर आहे. मी फिरवून बघितलं. जराही आवाज येत नाही.

निळा कोट धुऊन, इस्त्री करून, घडी घालून तिने माझ्या खुर्चीवर ठेवलाय. म्हणाली, "कोणत्या तोंडाने जाऊ तिथे? मी आजपासून कॉलेजला जाते. चौकशी करते, परत घेतात का. तुला हवं होतं ना?"

मी डबा भरून दिला. नवाच. तिने नेला.