तक्त्याची दुसरी बाजू

तीर्थरूप मामा,

दोन्ही डोळे मिटून नमस्कार. (उघडे ठेवले की हल्ली मी समोरच्याची बुबुळंच न्याहाळत बसते.) तुमची पाठदुखी आणि मामीचा राग, दोन्ही उताराला लागले असतील अशी आशा करते.

डोळ्यांच्या धंद्यात पडायचं का, हे ठरवण्याआधी घरच्यांचे डोळे तपासून बघ, असं सांगून तुम्ही दवाखान्यातला जुना अक्षरांचा तक्ता दिलात. मी तो मोठ्या हौसेनं जेवणाच्या टेबलासमोर ठोकला आणि माझी परीक्षा होती म्हणून तपासणी आठवडाभर लांबवली. मग निकाल काय लागावा? आजोबांनी (ज्यांचा मोतीबिंदू तुम्हीच शोधलात) शेवटची बारीक ओळ धडाधड म्हणून दाखवली. बाबांनी एक अक्षर चुकवलं नाही. आपल्या घरात सगळे गरुडच आहेत, असं कळवायला मी कागदही घेतला होता. तेवढ्यात काकू म्हणाली, "अगं वेडे, आठवडाभर घास चावताना तुझी आई तोच मोठ्यानं वाचतेय, पाठ होणार नाही तर काय?"

मग मी तक्ता उलटवला. मागं वेगळी अक्षरं आहेत. आजोबा म्हणाले, कागद कोरा आहे. काकू दुसऱ्याच ओळीत अडकली आणि छापणाऱ्याला नावं ठेवू लागली. बाबा मात्र ताठ उभे राहिले आणि जुन्याच बाजूच्या ओळी वरपासून खालपर्यंत खणखणीत म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, पण मग लक्षात आलं. तक्ता बदललाय, हेच त्यांना दिसलं नव्हतं.

आणि बाबा शाळेची व्हॅन चालवतात. (हल्ली आईही पुढच्या सीटवर बसून जाते, मुलं दंगा करतात म्हणून.) किल्ली उचलताना ते हळूच म्हणाले, "रस्ता पाठ आहे गं मला." मामा, रस्ता पाठ असतो, पण मध्ये धावत येणारं पोर कुठं पाठ असतं? पण ज्यांनी मला सायकल शिकवली, त्यांना 'तुम्हाला दिसत नाही' म्हणणं माझ्याच्यानं होत नाही. तेव्हा हा धंदा माझ्यासाठी नव्हे, हे नम्रपणे कळवते.

तुमची भाची

ता. क. उद्या शाळेला सुट्टी आहे. पत्र काकूबरोबर पाठवते (उघडंच, तिला वाचता येणार नाही) आणि मागोमाग बाबांना घेऊन येते. मला तुमची यंत्रं बघायची आहेत, असं त्यांना सांगितलंय. भिंतीवरचा तक्ता तेवढा बदलून ठेवा. जे असेल ते तुम्हीच सांगा. कसं सांगायचं असतं, ते मी शेजारी उभी राहून शिकेन.

आणखी ता. क. आईलाही आणते. आज व्हॅन निघताना खिडकीतून तिचा आवाज ऐकला : "उजवीकडे घ्या... हळू, समोर म्हातारी आहे." तिचे डोळे जरा नीट तपासा. व्हॅन सध्या त्यांच्यावरच चालली आहे.