शनिवारच्या म्युझिकल, चार ते सहा

७ मार्च, शनिवार
केदारने मुलांना सोडलं. ऋचा आठ वर्षांची, शौनक पाच. सूनबाई नम्रता गाडीतून उतरल्या नाहीत, हात हलवला. लग्नाला दहा वर्षं झाली, अजून हातच हलवतात.
केदार म्हणाला, मे महिन्यात आम्हा दोघांना सुट्टी नाही, मुलं महिनाभर एकाच आजीकडे ठेवू. कुठल्या, ते मुलांनाच विचारू. मुलांना विचारू! आम्हाला कधी कुणी काही विचारलं होतं?
दुसरी आजी म्हणजे नम्रताची आई, बिबवेवाडीच्या शैलाताई. मार्केट यार्डात त्यांचा कांदा-बटाट्याचा गाळा. माणसं चांगली आहेत. मोठ्याने बोलतात.
निश्चय: मे महिना माझा. आजपासून दर शनिवारी मुलांना एक उत्तम इंग्रजी म्युझिकल. उच्चार सुधारतील, अभिरुची घडेल. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये अशीच घडवली.

८ मार्च
निवड सुरू. अटी: आई मेलेली नको. सावत्र आई नको. अनाथाश्रम नको. चुंबन नको. दुष्ट म्हातारी तर मुळीच नको. बावीस सिनेमांतून दोन उरले. त्यातल्या एकात गाणी नव्हती.
माधवराव (माझे यजमान, पेन्शनर, सोफ्याचा भाग) पेपरमागून म्हणाले, मग बातम्याच लाव.
मेलेल्या आईची अट शिथिल केली. आई मेल्याशिवाय इंग्रजीत कुणी गातच नाही, असं दिसतं.

१४ मार्च, शनिवार
पहिली म्युझिकल: दीपगृहात राहणाऱ्या तीन बहिणी. चारला सुरू. एक ते चार आमचं घर बंद असतं. फोन, बेल, पाहुणे, मुलं, सगळं बंद. चाळीस वर्षांचा नियम. मुलं तीन तास सतरंजीवर छताकडे बघत पडली. चांगली विश्रांती झाली.
आधी वीस मिनिटं प्रस्तावना. मग प्रत्येक गाणं थांबवून ओळीओळीचा अर्थ. ऋचा म्हणाली, आजी, ती गात असताना नको ना थांबवू. तिला समजावलं की अर्थ न कळता ऐकलेलं गाणं म्हणजे नुसता आवाज. सहाला केदारचा हॉर्न वाजला तेव्हा बहिणी नुकत्याच वादळात सापडल्या होत्या. उरलेला पुढच्या शनिवारी का, असं शौनकने विचारलं. नाही, पुढच्या शनिवारी नवा. एकाच सिनेमावर दोन आठवडे घालवले तर पोर्शन कसा पुरा होणार?
मुलं जाताना अगदी गप्प होती. भारावली असणार.

२१ मार्च, शनिवार
दुसरी म्युझिकल: गाणारा बेकरीवाला. ठीक.
पण शौनक म्हणाला, त्या तीन बहिणी जहाज वाचवतात. कुणी सांगितलं? तर म्हणे बिबवेवाडी आजीने रविवारी उरलेला सिनेमा लावला. मोबाइल बरणीला टेकवून. शैलाताईंना इंग्रजीचा गंध नाही! त्यांना समजावा म्हणून मुलांनी आधीचा भाग मराठीत सांगितला. गाण्यांसकट. नाचून.
म्हणजे माझं स्पष्टीकरण किती पक्कं बसलंय, बघा.

२३ मार्च
शैलाताईंचा फोन. तोही दुपारी एकला पाच कमी असताना. म्हणाल्या, हेमाताई, पहिला अर्धा भाग तुम्ही काय सुंदर दाखवता हो! पोरं आली की सगळं सांगतात, आमचे हे गाळ्यावरून लवकर येतात ऐकायला. फक्त पिक्चरचं नाव तेवढं कळवत जा, शोधताना फार वेळ जातो बघा.
मी म्हटलं, बघते.
मी काय इंटरव्हलपर्यंतची बाई आहे?

२८ मार्च, शनिवार
तिसरी. आल्या आल्या ऋचाने विचारलं, आज किती वाजता संपणार? सिनेमा पाहायच्या आधीच शेवटाची घाई! ही यांची पिढी.
तरी माघार घेतली. वेळ वाचावा म्हणून सहा गाणी रिमोटने पुढे पळवली. शौनकला विचारलं, कसं वाटलं? तो म्हणाला, गाणी कुठे गेली? मग त्याला एक ओळ नीट उच्चारासह म्हणायला लावली. रडला. कटलेटही खाल्लं नाही. पोट बिघडलं असणार. बिबवेवाडीला तिखट फार खातात.

४ एप्रिल, शनिवार
केदार मुलांना सोडून लगेच गेला नाही. म्हणाला, आई, दोनला सुरू कर ना, संपेल तरी. मी म्हटलं, एक ते चार. तो म्हणाला, बरं, मग मधेमधे थांबवू नकोस. मी म्हटलं, मग मी कशाला हवी? टीव्हीच आजी व्हायला पुरेसा आहे. तो म्हणाला, आई, त्यांना शेवट बघायचा असतो गं, एवढंच.
एवढंच! याला मी दहावीला इंग्रजीत ऐंशी मिळवून दिले.
माधवराव म्हणाले, दोनला लावलं तर मला चालेल. तुम्हाला काय, तुम्ही उभ्याने झोपता, असं ऐकवलं.

११ एप्रिल, शनिवार
आज उत्तम व्यवस्था केली. नाव कळलं तर पुढचा भाग बिबवेवाडीला दिसणार. तेव्हा नावच कळू द्यायचं नाही. सुरुवातीला नाव येऊन जाईपर्यंत टीव्हीपुढे टॉवेल धरून उभी राहिले. ऋचा खालून डोकावली, तिला दामटलं. हात भरून आले, पण शिस्त पाळली गेली.
सिनेमा सुंदर होता. टांगेवाला, त्याची मुलगी, हरवलेला घोडा. सहाला घोडा अजून हरवलेलाच होता. शौनक जिन्यात भोकाड पसरून रडला. शेजारच्यांनी दार उघडून बघितलं. कलेचा परिणाम असा व्हायला हवा.
आता हा शेवट फक्त माझ्याकडे आहे. मे महिना हातात आला.

१८ एप्रिल, शनिवार
मुलं आली नाहीत. ऋचाच्या मैत्रिणीचा वाढदिवस.

२५ एप्रिल, शनिवार
आज नुसता फोन. केदार म्हणाला, आई, वाईट वाटून घेऊ नकोस, मुलं बिबवेवाडी म्हणतात.
मी म्हटलं, बरं झालं, मीच नको म्हणणार होते. उन्हाळा, माझे गुडघे, एक ते चारचा प्रश्न. मग ऋचाने फोन घेतला. आजी, त्या टॉवेलवाल्या सिनेमाचं नाव सांग ना. मी म्हटलं, इकडे राहायला ये, मग सांगते.
तिने थोडा विचार केला. म्हणाली, राहू दे.

१ मे, शुक्रवार
आंब्याची पेटी पोचवून येतो म्हणून माधवराव सकाळी बिबवेवाडीला गेले. मी हो म्हटलं. तिकडचे आंबे कसले असणार! दुपारी फोन: जेवून येतो. संध्याकाळी फोन: मुलं सोडत नाहीत, राहतो दोन दिवस. गोळ्या आहेत का विचारलं. म्हणाले, कालच पिशवीत भरल्या होत्या.

२ मे, शनिवार. संध्याकाळी सात
दुपारी झोप लागली नाही. चारला टांगेवाल्याची म्युझिकल लावली. शेवट मीही पाहिला नव्हता. थांबवायला कारण नव्हतं, सगळी गाणी सलग ऐकली. पावणेसातला संपली. बरी आहे. घोडा सापडतो, पण अगदी वेगळ्याच माणसाकडे, आणि मुलगी तो परत मागत नाही. हे का, ते मुलांना नीट समजावून सांगावं लागेल.
म्हणून फोन केला. ऋचाने उचलला. मी म्हटलं, नाव सांगते, शेवटही सांगते. ती म्हणाली, आजी, आजोबांनी नाव सांगितलं, आम्ही तोच बघतोय. तुझा फोन आला म्हणून शैलाआजीने गाणं थांबवलंय. सगळे वाट बघतायत.
ठेवू?