फक्त एक पौंड

२ सप्टेंबर
कामाचा पहिला दिवस. एल्म फोर्क कॉलेजच्या मुलींच्या कुस्ती टीमची पहिली कोच मी. टीम अजून नाही, पण ती होईल.

बाबांना फोन केला. ते पंचवीस वर्षं मांसाच्या कारखान्यात सुरी चालवतात. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी. म्हणाले, मार्नी, एवढं शिकलीस ती लोकांना आपटायला का गं? अभिमानानेच म्हणाले असणार.

कुस्तीची खोली जुन्या जिमखान्याच्या तळघरात आहे, बॉयलरच्या खोलीला लागून. चाळीस वर्षांपूर्वी मुलांची टीम बंद झाली तेव्हापासून कुलूप होतं. आत एक लोखंडी वजनकाटा, आणि खिळ्याला टांगलेले काळे कुस्तीचे बूट. सफाईचं काम बघणारा म्हातारा व्हर्लिन म्हणाला, कोचबाई, बाकी सगळं फेका, ते बूट राहू द्या.

पहिला संकल्प दारावर मोठ्या अक्षरांत लिहिला: वजनासाठी इथे कोणी उपाशी राहणार नाही.

९ सप्टेंबर
मुली चार. डीनसाहेबांना भेटले. ते म्हणाले, होस्टेल रिकामी पडलीत, टीम आली की मुली येतात. मी म्हटलं, फायदा त्याहून मोठा आहे. ज्यांच्या घरातून कॉलेजात कोणी गेलं नाही, त्या मुली कुस्तीच्या निमित्ताने शिकतील. ते म्हणाले, हो हो, तेही आहेच. चौदा नोव्हेंबरच्या पहिल्या सामन्यात दहाही वजनी गटांत आपली मुलगी उभी दिसली पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षाचं काही सांगता येणार नाही.

दहा म्हणजे काहीच नाही.

सकाळी वजनकाट्याचं सरकतं वजन ११८ वर होतं. शून्यावर आणलं.

२४ सप्टेंबर
मुली सात. काटा पुन्हा ११८ वर. रोजच असतो. व्हर्लिनला म्हटलं, गंमत पुरे. तो म्हणाला, कोचबाई, मी त्या काट्याला हातही लावत नाही, आणि गंमत तर मी बायकोशीही करत नाही.

काट्याला तेल दिलं.

१४ ऑक्टोबर
मुली दहा! फक्त ११७ पौंडांचा गट रिकामा आहे आणि १२४ मध्ये दोघी झाल्यात. त्यातली टेसा ड्वोराक खाली उतरेल. टेसाच्या घरी डुकरं पाळतात, कॉलेजात आलेली घरातली पहिलीच. तिच्यात मला मीच दिसते. ती आपणहून तयार झाली. मी फक्त तीनदा विचारलं.

याला उपास म्हणत नाहीत. आहाराचं नियोजन म्हणतात. तसा विषय होता मला, ए ग्रेड.

टेसाचा वजनाचा तक्ता दारावर लावला. संकल्प त्याच्याखाली झाकला गेला. तात्पुरता.

२८ ऑक्टोबर
टेसा १२१. हल्ली बोलत नाही. एकाग्रता वाढली आहे.

सरावात बॉयलरच्या खोलीतून कोणीतरी पळत असल्याचा आवाज आला. मुली मॅटवर जागच्या जागी थांबल्या. मी सांगितलं, जुने पाइप आहेत, तापले की वाजतात. टेसा म्हणाली, कोच, पाइप दम खायला थांबत नाहीत.

सगळ्यांनी ऐकलं होतं. आवाज थांबला, कोणीतरी धापा टाकल्या, मग पुन्हा पळणं सुरू झालं.

पाइपच आहेत. दुरुस्तीचा अर्ज लिहून टाकला.

६ नोव्हेंबर
काट्याची दांडी आज समतोल होती. वजन ११८ वर, दांडी हवेत स्थिर, आणि वर कोणी नाही. तेल जास्त झालं असावं.

व्हर्लिनला विचारलंच. तो बादली खाली ठेवून जिन्यात बसला. म्हणाला, लाइल नावाचा पोरगा होता, ११८ च्या गटातला. सामन्याच्या आदल्या दिवशी एक पौंड जास्त भरला. कोच म्हणाला, फक्त एक पौंड. पोरगा घाम गाळायला रबरी सूट घालून बॉयलरच्या खोलीत पळायला गेला. ते दार आपोआप लागतं आणि आतून उघडत नाही. सकाळी मीच उघडलं, नवीन लागलो होतो कामाला. पैलवान कुस्ती सोडतो तेव्हा मॅटच्या मधोमध बूट काढून ठेवतो. याला ते कुठे जमलं. म्हणून मी ते खिळ्याला लावले.

वाईट वाटलं. पण तो काळ अडाणी होता. आता विज्ञान आहे. व्हर्लिनला तसं समजावून सांगितलं. तो तक्त्याकडे बघत होता.

१३ नोव्हेंबर, दुपारी
टेसा ११८. उद्या सकाळी वजन. तिच्या ओठांची सालं निघालीत. मी दबाव मुळीच टाकला नाही. पाठीवर हात ठेवून एवढंच म्हटलं, फक्त एक पौंड.

वाक्य आधी कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. झोप कमी होते आहे.

१४ नोव्हेंबर, सकाळी ९, इस्पितळ
सहाला पोचले. खिळा रिकामा होता.

बूट बॉयलरच्या खोलीच्या दारात होते, फटीत अडकलेले. दार पूर्ण लागलं नव्हतं. आत टेसा पडली होती, घाम निघावा म्हणून अंगात कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, मनगटांशी चिकटपट्टीने बंद केलेल्या. श्वास चालू होता.

डॉक्टर म्हणाले, दार बंद असतं तर इतका वेळ टिकली नसती. व्हर्लिनने बुटांना हात लावलेला नाही. टेसा म्हणते, दार मागे पूर्ण लागल्याचा आवाज तिने ऐकला होता.

यावर माझ्याकडे स्पष्टीकरण नाही.

१७ नोव्हेंबर
टेसा वाचली. तिची आई गोठ्यातले बूट घालूनच आली होती. ओरडली नाही. म्हणाली, तुम्ही आमच्यातल्याच वाटला होता हो, म्हणून पाठवली.

डीनसाहेबांकडे गेले. एक मुलगी कमी पडली, असं सांगितलं. ते म्हणाले, अहो, नऊ चालल्या असत्या. दहा मी आपलं अंदाजाने म्हटलं होतं.

राजीनामा त्यांच्या टेबलावर ठेवला. मुलींसाठी दुसरा कोच शोधतील.

दारावरचा तक्ता काढला. खाली माझं अक्षर, ठळक, जराही पुसलेलं नाही.

मॅटच्या मधोमध माझे बूट काढून ठेवले. लाइलचे बॉयलरच्या दारातून उचलून त्यांच्या शेजारी ठेवले. काट्याकडे पाहिलं. शून्यावर होता. मी आणला नव्हता.

मोज्यांवरच वर आले. जिन्यात व्हर्लिन होता. या वेळी कोचबाई म्हणाला नाही. म्हणाला, पोरी, फरशी गार आहे.