सोबत कोण आलंय?

९ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. सहा वर्षांनी आशीर्वाद पाठवणारा हा कोण, असं वाटलं तर नुसता नमस्कार समज. तुझी बायको बरी असेल. पुतणी आता दहावीला ना? तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती, ती भरून आली का? माझी नजर आधी दातांवरच जाते, त्याला इलाज नाही. तीस वर्षं लोकांच्या कवळ्या करतोय.

तुला तीनदा फोन लावला. तू उचलला नाहीस, यात तुझी काही चूक नाही. म्हणून हे कुरिअरने पाठवतोय. उद्या संध्याकाळपर्यंत पोचेल असं तिथला माणूस छातीठोकपणे म्हणाला.

मला आतड्याचा कॅन्सर झालाय. नोव्हेंबरात ऑपरेशन करून गाठ काढली, आता केमो चालू आहे. घाबरू नकोस. म्हणजे, घाबरलास तर मला बरंच वाटेल.

केमो म्हटलं की दवाखान्यात खाटेवर पडून राहायचं, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. आदल्या दिवशी रक्त तपासायचं, पेशी कमी भरल्या तर त्या वेळचा डोस पुढे. सगळं ठीक असेल तर सकाळी आठला जायचं आणि संध्याकाळी आपल्या घरी. वजन होतं, बीपी होतं, मग सिस्टर शीर शोधते. माझ्या शिरा ऐन वेळी दडी मारतात, मग ती हातावर गरम पाण्याची पिशवी ठेवते आणि मला न बोलता माझ्या हाताला दम भरते. आधी उलटी होऊ नये म्हणून इंजेक्शन, मग सलाईन, मग औषधाची बाटली. मागे रेलणाऱ्या बारा खुर्च्या, प्रत्येकीजवळ सोबतच्या माणसासाठी एक स्टूल. चार-पाच तास बसायचं. टोचतं तेवढंच, बाकी तिथे दुखत नाही.

त्रास नंतरचा. गार वस्तूला हात लागला की बोटांत सुया टोचल्यासारखं होतं. माझा हात सतत कवळीच्या साच्यांसाठीच्या प्लास्टरच्या ओल्या लगद्यात, तेव्हा काम जवळजवळ बंदच आहे. तोंड येतं, मिठाच्या पाण्याने गुळण्या करायच्या. दोन-तीन दिवस अन्नाचा वासही नको होतो. पण खरी भीती तापाची. शंभरच्या वर गेला की हातातलं काम टाकून दवाखाना गाठायचा, कारण अंगात लढायला फारसं काही उरलेलं नसतं. म्हणून त्यांना माणूस लागतो. तिथे दिवसभर, आणि पुढचे दोन दिवस घरी.

इथेच माझं घोडं अडलंय.

पहिल्या वेळी सिस्टरने विचारलं, "काका, सोबत कोण आलंय?" मी म्हटलं, "भाऊ. खाली गाडी लावतोय." पाच तास तू गाडी लावत होतास. शेवटी ती म्हणाली, "केवढी गाडी आहे हो तुमच्या भावाची?" हसून सोडलं, वॉर्डातला माणूस देऊन घरी पोचवलं, पण फाईलवर लाल शेरा मारला. दुसऱ्या वेळी समोरच्या चष्म्याच्या दुकानवाल्याला गळ घातली. बिचारा सुई बघून तोच आडवा झाला. सिस्टर माझं सोडून त्याचे पाय वर धरून उभी. आता मी दिसलो की तो दुकानात आत जातो. मागच्या गुरुवारी मी एकटाच गेलो आणि मला परत पाठवलं. हातापाया पडलो, काही उपयोग झाला नाही. मागे एक पेशंट असाच एकटा घरी गेला होता, तापाने पडून होता हे दोन दिवसांनी कळलं, तेव्हापासून त्यांनी नियम कडक केलाय. डॉक्टर म्हणाले, या गुरुवारच्या पुढे ढकलू नका, झालेल्या दोन डोसांवर पाणी पडेल.

तर धाकट्या, गुरुवारी ये.

इथवर सकाळी लिहून झालं होतं. पाकीट चिकटवलं, पत्ता घातला. आता दुपार आहे आणि ते मी फोडलंय. एवढंच वाचून तू कदाचित आलाही असतास. पण आलास की त्या स्टुलावर बसशील आणि तुझ्या समोर एक आजी असतील.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजी असतात. वय एकोणऐंशी. चहात बुडवून टोस्ट खातात, सिस्टरला म्हणतात, "जरा हळू टोच, मी काय उशी आहे का?" त्यांची कवळी सैल होऊन वाजत होती, ती घरी आणून मी बसवून दिली. मी विचारलं, या वयात झेपतं का? म्हणाल्या, "मुलगाही हेच डॉक्टरांना विचारत होता. मी म्हटलं, मला विचार ना. मी आहे की इथे बसलेली."

आईला कॅन्सर निघाला तेव्हा ती शहात्तरची होती. तुला मी सांगितलं, आईच औषध नको म्हणते.

आई असं म्हणाली नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं होतं, कमी डोस देऊन बघू, येऊन-जाऊन करता येईल. मी बाहेर आलो आणि आईला म्हणालो, यावर औषध नाही. मग तुला फोन करून म्हणालो, तिला नकोय. एका तासात दोघांना दोन थापा मारल्या.

तिचे हाल नकोत म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. मला माझे हाल नको होते. उलट्या, बादल्या, सगळं एकट्याने करायचं, याने माझं धाबं दणाणलं. तुला बोलावलं असतं तर तू धावत आला असतास, पण औषध द्यायला लावलं असतंस. म्हणून बोलावलं नाही, आणि तू आपणहून भेटायला आलास तेव्हाही तुला तिच्याजवळ एकट्याला बसू दिलं नाही. आणि ती गेल्यावर चारचौघांत तुलाच म्हणालो, एवढी माया होती तर इथे राहायचं होतंस.

आणखी एक आहे, ते कुणालाच माहीत नाही. वजन उतरलं तशी तिची कवळी सैल झाली. एकदा मला हाक मारून म्हणाली, "अरे, ही बोलताना पडते. नवी करून दे. मला चावून खायचंय." मी म्हटलं, "आता कशाला, आई?" ती "बरं" म्हणाली, कवळी काढून वाटीत ठेवली आणि पुन्हा लावलीच नाही. त्यानंतर दीड महिना ती पातळ करून दिलेलंच प्यायली. गावभर कवळ्या करणारा मी, दोन दिवसांचं काम होतं रे.

औषधाने ती वाचली असती असं मी म्हणत नाही. तसं डॉक्टरही म्हणाले नव्हते. पण तिला जगायचं होतं, आणि ते मला त्याच दिवशी कळलं होतं.

हे वाचून तू येणार नाहीस, ही भीती आहे. ती किती आहे हे सांगता येत नाही. मला मरायचं नाही, धाकट्या. हा डोस मला हवाय. जे आईला मी मिळू दिलं नाही तेच तुझ्याकडे मागतोय, आणि याची लाज वाटूनही मागतोय.

गुरुवारी सकाळी आठ, दुसरा मजला, जिन्यासमोरचं दार. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पाठ करून बस. किंवा सगळं बोल. हाताला सुई असली की मला उठून जाता येत नाही. पाच तास तू म्हणशील ते मी ऐकेन.

तू अजून म्हणत असलास तर,
तुझा दादा